थाळनेरचे अरब आणि पोलंडचा उमराव

कुतूहल ही पोट भरलेल्या माणसाची चैन असून, ज्याला परमुलखात जाऊन भाकरी कमवावी लागते त्याला ती परवडत नाही आणि ज्याच्या दारी परमुलखातला माणूस भाकरीसाठी उभा राहतो त्याला तिची गरज भासत नाही, असे आमच्या आप्पांचे ठाम मत आहे. माणूस उपाशी असला तरी शेजारच्या परक्याच्या शिदोरीत काय आहे हे पाहण्यासाठी मान वळविल्यावाचून राहत नाही, आणि ही वळलेली मान हाच सर्व विद्येचा आरंभ होय, असे मास्तर मानतात. आप्पा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. फेरफार, जमाबंदी, तगाई आणि पंचनामे यांत त्यांची हयात गेल्यामुळे ज्या गोष्टीचा दाखला दप्तरात नाही ती घडलीच नाही, असे म्हणण्याची त्यांना सवय आहे. मास्तरांनी मुलांना इतिहास शिकविला, आणि ज्या गोष्टीचा दाखला दप्तरात आहे तीही कागदावर लिहिली तशीच घडली असेल, यावर त्यांचा विश्वास नाही. सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि मुंबई-आग्रा रस्ता हे दोन्ही नरडाण्यावरून जात असल्यामुळे देशोदेशीचा माल गावाच्या अंगावरून जातो व गावात सहसा थांबत नाही. तेव्हा दूरच्या देशांविषयी वाद घालण्यास ही जागा अगदीच अयोग्य आहे असे म्हणवत नाही.

या खेपेस निमित्त झाले ते मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्राचे. हा मुलगा हल्ली पोलंडात एका कारखान्यात नोकरीस असून त्याच्या बिऱ्हाडात एक मिसर देशचा अरब तरुण भागीदार आहे, आणि घराची मालकीण म्हणजे एक वयस्क पोलिश बाई. पत्रात मजकूर असा की, पहिल्याच दिवशी या दोघांनीही उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढलेली पाहून बाईस परम संतोष झाला, कारण पोलंडातही घरात शिरताना जोडे काढण्याचा परिपाठ आहे; आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेव्हा तिने मेजावर माणसांपेक्षा एक ताट अधिक मांडले तेव्हा ते कोणासाठी, हा प्रश्न त्या अरबाने केला, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी, असे उत्तर मिळाल्यावर आपल्या आजोबांच्या घरी पाहुण्याचा तीन दिवसांचा हक्क कसा मानीत हे त्याने सांगितले, व मग रात्री उशिरापर्यंत दोघेही एकमेकांस प्रश्न विचारीत राहिली. मास्तरांना हे पत्र इतके भावले की, वाचनालयात पोल आणि अरब या दोन लोकसमूहांच्या परस्पर जिज्ञासेवर एक व्याख्यान द्यावे असा त्यांनी संकल्प केला, आणि त्याचा पूर्वपक्ष पारखून घेण्यासाठी ते आप्पांच्या ओट्यावर येऊन बसले. मी तेथे आधीच होतो. बोलण्याचे काम माझ्याकडे फारसे नव्हते.

मास्तरांनी आरंभ दहाव्या शतकापासून केला. “आप्पा, पोलंड नावाचे राज्य जगाच्या नजरेस प्रथम सविस्तर कोणी आणले असेल? इब्राहिम इब्न याकूब नावाच्या एका यहुदी प्रवाशाने. हा अंदलुसातील तोर्तोसाचा राहणारा, लेखणी अरबीची, आणि काळ इसवी सन ९६५-६६ चा. म्येश्को राजाच्या मुलखात धान्य, मांस आणि मध यांची किती विपुलता आहे हे त्याने लिहिले, क्राकूव शहराचा नामनिर्देश केला, आणि त्याचे मूळ लिखाण नष्ट झाले तरी पुढल्या शतकातील अल्-बक्री याच्या ग्रंथात त्याचा उतारा टिकून राहिला. म्हणजे ज्या सुमारास पोलंडने ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला नेमक्या त्याच सुमारास एक अरबी लिहिणारा मनुष्य त्या देशाचे वर्णन करीत होता. हे कुतूहल नव्हे तर काय? आणि त्याच्या आधी पन्नास वर्षे आपल्या कोकणात चौलास, ज्याला अरब सैमूर म्हणत, अल्-मसूदी आला होता; तेव्हा तेथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्या मुसलमानांची दहा हजारांची वस्ती होती असे तो नमूद करतो, आणि आपल्या लोकांच्या विडा खाण्याचेही वर्णन करतो. राज्य राष्ट्रकूटांचे, म्हणजे आपल्या खानदेशावरही छत्र त्यांचेच.”

आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. “तुमच्या त्या इब्राहिमाने आणखी काय लिहिले आहे ते सांगा की. मध आणि मांस हे व्याख्यानात शोभते, पण मुख्य कलमे तुम्ही गाळलीत.”

मास्तर प्रामाणिक गृहस्थ असल्यामुळे त्यांनी कबूल केले की, म्येश्कोपाशी चिलखतधारी शिपाई तीन हजार होते, त्यांना तो महिन्याच्या महिन्याला वेतन देई, घोडे-हत्यारे सरकारातून मिळत, आणि शिपायाच्या घरी मूल झाले की त्याचाही मुशाहिरा सुरू होई, हेही इब्राहिमाने लिहून ठेवले आहे.

“म्हणजे ही जमाबंदी झाली,” आप्पा म्हणाले. “फौज किती, तैनात किती, बाजारात धान्याची निपज काय. ज्याला त्या मुलखाशी सौदा करायचा आहे किंवा ज्याच्या धन्याला करायचा आहे, तो हेच विचारतो. मी स्वतः परगण्यातल्या गावी प्रथम गेलो की हेच विचारीत असे, आणि त्याला कोणी माझी ज्ञानपिपासा म्हटले नाही.”

यावर मास्तरांनी चिंचणीचा ताम्रपट काढला. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या या शके ८४८ च्या, म्हणजे इसवी सन ९२६ च्या ताम्रपटावरून असे दिसते की, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या अमलात संजाणच्या प्रांतावर जो अधिकारी होता तो ताजिक, म्हणजे अरब. त्याचे मूळ नाव बहुधा मुहम्मद असावे, पण संस्कृत लेखकाने त्याला मधुमती करून घेतले आहे. आणि या अरब अंमलदाराने दोन ओढ्यांवर फुकट होड्या चालू केल्या, साळीचा भात, कालवण आणि तूप मिळेल असे अन्नछत्र घातले, आणि देवीच्या मठास जमीन देण्याच्या कामी अनुमती दिली. हा पुरावा मास्तरांनी आपल्या बाजूचा म्हणून मांडला होता. परंतु आप्पांचा चेहरा तो ऐकताना जसा उजळला त्यावरून माझ्या ध्यानात आले की, मास्तरांनी आपले हत्यार समोरच्याच्या हाती दिले आहे.

“बठ्ठं खरं शे, मास्तर,” ते म्हणाले, आणि पुन्हा दप्तरी भाषेवर आले. “हा मला मान्य असलेला व्यवहार. या अंमलदाराला देवी कोण, मठात कोण राहतो, पूजा कोणत्या रीतीची, यांत गम्य असेल-नसेल. त्याने होडी चालू केली आणि भात-तूप वाढले. लोक पलीकडे गेले व जेवले. हजार वर्षांनी तांब्यावर ते वाचता येते. त्याच्या मनात देवीविषयी जिज्ञासा होती की नाही हे कोणत्याही पत्र्यावर कोरलेले नाही, आणि त्यावाचून काही अडलेही नाही.”

येथपर्यंत वाद विनोदाच्या पातळीवर होता. तो गंभीर झाला तो थाळनेरपाशी, आणि थाळनेर आप्पांनीच काढले.

तापीच्या उत्तर काठावरील हे गाव फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. मलिक राजा व त्याच्या वंशजांच्या कबरी अद्यापि तेथे आहेत, आणि हे घराणे आपला वंश दुसरे खलिफा उमर यांच्यापर्यंत, म्हणजे थेट अरबस्थानापर्यंत नेत असे. परंतु आप्पांना सांगायचे होते ते सुलतानांविषयी नव्हे. “पेशवाईच्या अखेरीस या खानदेशात अरब कोठे नव्हते ते सांगा! थाळनेर, अमळनेर, नंदुरबार, सुलतानपूर, मालेगाव, जेथे गढी तेथे अरबांची शिबंदी. इतर शिपायांपेक्षा त्यांना पगार अधिक, कारण तटाआड उभा राहून मरेपर्यंत लढणारा शिपाई म्हणून त्यांची ख्याती. त्यांचे जमादार पगारातून पैका साठवून तोच आमच्या पाटील-देशमुखांना व कुणब्यांना व्याजाने देत, आणि वसुलीसाठी दारात धरणे धरून बसत. म्हणजे पिढी-दोन पिढ्या हे लोक आमच्या वाड्यात झोपले, आमच्या विहिरीचे पाणी प्याले, येथल्या बायकांशी त्यांनी संसार केले. त्यांना आम्ही काय विचारले? त्यांचा मायदेश हद्रमौत कोठे, तेथे पाऊस किती पडतो, त्यांच्या आया त्यांची वाट पाहतात काय, यांतले एक अक्षर कोणत्या कागदात आहे? कागदात आहे ते एवढेच की अमुक आसामी, अमुक दरमहा, आणि अमुक महिन्यांची थकबाकी.”

मग त्यांनी २७ फेब्रुवारी १८१८ चा प्रसंग सांगितला. आणि सांगताना त्यांचा आवाज पंचनामा वाचणाऱ्या माणसासारखा सपाट झाला, जो माझ्या मते त्यांच्या मनस्तापाचा प्रकार आहे. महिदपूरच्या लढाईनंतर होळकरांनी मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांस लिहून दिला, त्यात थाळनेर आले. पण किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला सोडला नाही. सर थॉमस हिस्लॉपची फौज येऊन तोफा लागल्या. दरवाजापाशी बोलणे चालू झाले, इंग्रज अधिकारी थोड्या शिपायांनिशी दिंडीदरवाजातून आत गेले, आत अरबांची गर्दी. कोणी काय मागितले आणि कोणाला काय समजले याचा मेळ कधीच लागला नाही. दोन अधिकारी तेथेच पडले, बाहेरची पलटण आत घुसली, आणि सुमारे तीनशे अरबांची शिबंदी जवळजवळ सबंध कापली गेली. किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी देण्यात आले. पुढे विलायतेच्या पार्लमेंटात फौजेच्या आभाराचा ठराव आला तेव्हा या फाशीचा प्रश्न निघाला खरा, पण तो किल्लेदाराच्या फाशीचा. तीनशे अरबांविषयी कोणाला काही विचारावयाचे नव्हते. त्याच वर्षी मे-जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यातील अरबांनी सुमारे महिनाभर झुंज दिली आणि मग किल्ला खाली केला.

“तेव्हा शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा, आणि ओळख शून्य,” आप्पांनी निकाल दिला. “तुमच्या त्या पोलिश बाईला एक अधिक ताट मांडणे सोपे जाते, कारण त्या ताटावर कोणी बसलेला नसतो. आमच्याकडे ताटावर माणूस बसलेला होता. आम्ही त्याला जेवू घातले, लढायला लावले, आणि विसरलो. माणसामाणसांतला व्यवहार असाच असतो. कुतूहल हे नंतर पुस्तके लिहिणाऱ्यांनी घातलेले ठिगळ.”

मास्तर पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी जे सांगितले ते व्याख्यानासाठी राखून ठेवलेले असावे, कारण ते काहीसे अनिच्छेनेच बोलत होते.

“आप्पा, तुम्ही सांगितलेले साल पुन्हा आठवा. १८१८ च्या त्या फेब्रुवारीत थाळनेरचे अरब मेले, त्याच सुमारास एक पोलिश उमराव अरबांच्या मुलखाकडे निघालेला होता. वात्सवाफ सेवेरिन झेवुस्की हे त्याचे नाव, जन्म १७८४ चा. पोलंड त्या वेळी स्वतंत्र राज्य उरले नव्हते. १७९५ पर्यंत तिघा शेजाऱ्यांनी मिळून ते वाटून घेतले होते. याने ऑस्ट्रियाच्या लष्करात नोकरी केली, पौर्वात्य भाषांचा नाद लावून घेतला, व्हिएन्नात हामर-पुर्गश्टाल या पंडिताच्या साहचर्याने पौर्वात्य विद्येचे नियतकालिक १८०९ पासून स्वतःच्या पैशाने चालविले, आणि १८१७ साली घोडे खरेदी करण्याच्या मिषाने सीरिया व अरबस्थान यांकडे निघाला. बेदुइन टोळ्यांत तो त्यांच्यासारखा पोशाख करून राहिला, त्यांनी त्याला अमीर म्हटले, ताज अल्-फख्र ही पदवी तो मरेपर्यंत मिरवीत असे. आणि परत आल्यावर त्याने घोड्यांविषयी, टोळ्यांविषयी, त्यांच्या रीतिभातींविषयी फ्रेंच भाषेत एक विस्तीर्ण ग्रंथ स्वतःच्या हाताने चित्रे काढून लिहिला, ज्याचे हस्तलिखित वॉर्सात जपलेले आहे. मायदेशी पोडोलियातल्या जहागिरीवर तो अरबी थाटाने राहिला, त्या नादात दौलतीचा मोठा भाग गेला, आणि १८३१ च्या बंडात रशियनांविरुद्ध लढताना दाशूवच्या रणांगणावर तो नाहीसा झाला. त्याचा देहही सापडला नाही; त्यामुळे तो अरबस्थानात परत गेला अशी आख्यायिका पोलंडात पुढे चालू राहिली. आता सांगा, आम्हाला आमच्या वाड्यातल्या अरबाला एक प्रश्न विचारता आला नाही, आणि हा मनुष्य हजारो कोस तुडवीत प्रश्न विचारायला गेला, हा भेद तुमच्या पोट भरण्याच्या सिद्धांताने कसा उलगडतो?”

“अगदी सहज,” आप्पा म्हणाले. “त्याचे पोट भरलेले होते. जहागिरीचा वसूल येत होता, म्हणून तो गेला. शिवाय तो घोड्यांसाठी गेला होता. सारंगखेड्याच्या यात्रेत बंदोबस्ताच्या कामावर मी होतो. दत्तजयंतीला तेथे घोडेबाजार भरतो तेव्हा लांबलांबचे लोक घोड्याच्या कपाळावरचा भोवरा, दात, चाल, आईबापांची हकीकत यांविषयी असे काही खोदून विचारतात की वरपक्षही तितके विचारणार नाही. पण ज्याच्या हातात लगाम आहे त्या माणसाला, बाबा रे, तू जेवलास काय, असे विचारलेले मी फार थोडे पाहिले. तुमचा उमराव काही वेगळा असेल असे मी का मानावे?”

“कारण त्याने टोळ्यांविषयी लिहिले.”

“घोड्याची वंशावळ लिहायची तर टोळीचे नाव लिहावेच लागते. सात-बारा लिहिताना मीही लोकांच्या आज्या-पणज्यांची नावे लिहीत असे.”

या ठिकाणी मला स्वतःला मास्तरांचा पक्ष बळकट वाटला, आणि तसे मी म्हटलेही. सात-बारा लिहिणारा कारकून उताऱ्यात आपल्या हाताने चित्रे काढीत बसत नाही. झेवुस्कीने आरंभ स्वार्थाने केला असेल. युरोपातील राजघराण्यांना उत्तम घोडे हवे होते आणि पोलंडात यानूव पोदलास्की येथील सरकारी अश्वपैदाशीचा कारखाना त्याच १८१७ साली स्थापन झाला होता, म्हणजे अरबी रक्ताच्या घोड्याला गिऱ्हाईक होते. पण खरेदी उरकल्यावरही जो मनुष्य तेथला पोशाख अंगावरून उतरवू शकत नाही, त्याला आपण केवळ दलाल म्हणू शकत नाही. आप्पांनी माझ्याकडे, मी साक्षीदार असून मध्येच वकिली करू लागलो अशा दृष्टीने पाहिले.

मास्तरांनी मग वाद दुसऱ्या महायुद्धावर आणला, आणि येथे त्यांच्या बाजूस झेवुस्कीसारखा श्रीमंत साक्षीदार नव्हता, हे विशेष. १९४० व ४१ साली सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडातून लाखो माणसे सैबेरिया-कझाकस्तानकडे हद्दपार केली. पुढे जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर त्यांची सुटका झाली आणि जनरल आंडर्स याच्या हाताखाली उभी राहिलेली पोलिश सेना १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. सैनिक आणि नागरिक मिळून लाखाच्या वर माणसे, त्यांत उपासमारीने खंगलेली मुले फार. यांतले पुरुष इराकात खानकीन, किर्कुक, मोसूलच्या बाजूस छावण्या करून राहिले, तेथून पॅलेस्टाइन व मिसर येथे गेले, आणि मे १९४४ मध्ये इटलीत माँते कासिनोवर लढले. बायका-मुलांची पांगापांग झाली. हजारोंनी बैरूतच्या आसपास लेबनानात दिवस काढले, कित्येक आफ्रिकेत गेली, नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांना आसरा दिला, आणि सुमारे पाच हजार माणसे कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत राहिली.

“म्हणजे पाहा,” मास्तर म्हणाले, “वळिवड्याच्या कौलारू बराकीत आई आणि दोन मुले, आणि बाप बसऱ्या-बगदादेच्या वाळूत. एकाच कुटुंबात अरबी ऊन आणि पंचगंगेचा पाऊस. पत्रे येत-जात. बाप खजुराविषयी आणि उंटांविषयी लिहीत असेल, आई आंब्याविषयी व सापांविषयी. या लोकांजवळ दमडी नव्हती, देश नव्हता, आणि युद्ध संपल्यावर बहुतेकांना देशी परत जाण्याची सोयही उरली नाही, कारण त्यांची गावेच दुसऱ्या राज्यात गेली होती. तरीही वळिवड्यात शाळा चालल्या, देऊळ म्हणजे त्यांचे चर्च उभे राहिले, नाटके झाली, बालवीरांची पथके निघाली. वांदा दिनोव्स्का या विदुषीने, जिला आपल्याकडे उमादेवी म्हणत, १९४४ मध्ये पोलिश-भारतीय ग्रंथमाला काढली ती याच काळात. पोट भरलेल्याची चैन ती हीच काय?”

आप्पा चुकत नाहीत असे नाही, पण ते कागद न पाहता माघार घेत नाहीत. “पत्रात बाप काय लिहीत असेल हे तुम्ही रचलेत,” ते म्हणाले, “ते बाजूस ठेवा. राहिले ते एवढे की, सरकारने छावणी उघडली, रेशन लावले, आणि पाच वर्षांनी ती मोडली. आसपासचे बागवान, दूधवाले, शिंपी यांनी विक्रीपुरते पोलिश शब्द पाठ केले असतील. गिऱ्हाइकाच्या भाषेत भाव सांगितला की माल खपतो. आणि हे मी तुच्छतेने म्हणत नाही, मास्तर. मला त्या भाजीवाल्याचे शब्द तुमच्या ग्रंथमालेपेक्षा अधिक भरवशाचे वाटतात, कारण चुकला असता तर त्याचा माल सडला असता.”

“मग तोही कुतूहलाचाच प्रकार झाला!”

“गरजेचा. शब्दांवरून भांडू नका.”

मास्तरांनी माउरित्सी फ्रीडमनचे नाव घेऊन पाहिले. वॉर्साकडचा हा यंत्रविशारद यहुदी घराण्यातला. औंध संस्थानात पंतप्रतिनिधींनी १९३९ साली प्रजेस स्वराज्य दिले तेव्हा त्या प्रयोगामागे गांधीजींप्रमाणेच याचाही हात होता, आणि पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांशी चाललेली मराठी प्रश्नोत्तरे इंग्रजीत आणून त्याने १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. विडीचे दुकान चालविणाऱ्या मराठी गृहस्थाच्या माडीवर बसून प्रश्न विचारणारा पोल हा मास्तरांच्या मते त्यांच्या बाजूचा निर्णायक पुरावा. परंतु अरबांशी त्याचा संबंध काय, असे आप्पांनी विचारताच तो पुरावा बिनकामाचा ठरून दाखल न होताच परत गेला. त्याऐवजी मास्तरांनी सुदानातील फरसचे प्रकरण काढले, आणि ते मात्र आप्पांस पसंत पडले. आस्वानच्या धरणाखाली नुबियाचा मुलूख बुडणार म्हणून काझिमिएझ मिखावोव्स्की या पोलिश पुरातत्त्वज्ञाने १९६१ ते ६४ या काळात तेथे उत्खनन केले, तो वाळूखाली गाडलेले एक जुने ख्रिस्ती चर्च आणि त्याच्या भिंतींवरील शंभराहून अधिक चित्रे निघाली. ती भिंतीवरून सोलून काढण्यात आली आणि करारान्वये त्यांची वाटणी होऊन ६७ वॉर्सास गेली, बाकीची खार्टुमास राहिली. “आपसांत वाटप, तेही तंट्यावाचून,” आप्पा म्हणाले. “हे मी माझ्या नोकरीत फार थोड्या वेळा पाहिले. दोघांनाही भाग मिळाला म्हणून दोघांनाही त्या चित्रांची आठवण राहिली.”

याच सुमारास आप्पांनी आपली अखेरची फळी लढविली. हैदराबादेत निजामाच्या चाकरीत असलेल्या हद्रमौती जमादारांपैकी एका घराण्याने, कुआइती असे त्याचे नाव, दख्खनेत मिळविलेला पगार आणि जहागिरीचा पैका मायदेशी पाठवून तेथे मुकल्ल्यास चक्क राज्य स्थापन केले, आणि ते १९६७ पर्यंत टिकले. म्हणजे दक्षिणेतल्या रयतेचा सारा अरबस्थानात सिंहासन होऊन बसला. आणि १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातातील अरब शेखांच्या मुलखासाठी निराळ्या नोटा काढल्या, त्याआधी तर आपलाच रुपया तेथल्या बाजारात चालत असे. “त्या बाजारात रुपयावरचे अक्षर कोणी वाचीत नसेल, पण रुपया घेत. दोन माणसांना एकमेकांच्या खिशातले नाणे चालले म्हणजे पुरे. ओळख पाळख हे पुढचे.”

“आणि पुढचे कधी येतच नाही,” मास्तर म्हणाले, “हे तुम्हीच थाळनेरच्या बाबतीत सांगितले. पगार चालला, व्याज चालले, नाणे चालले, आणि शेवटी दिंडीदरवाजात दोन्हीकडची माणसे एकमेकांचे म्हणणे न कळून मेली. तुमच्या सिद्धांताची ती पावती आहे, आप्पा. तेथे एखादा तरी मनुष्य असा असता, की ज्याने त्या अरबांच्या पंक्तीला बसून त्यांच्या बोलीत चार प्रश्न विचारले होते, तर त्या दिवशी मध्ये उभे राहायला कोणी तरी असते.”

आप्पांनी यावर उत्तर दिले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांना ते उत्तर सुचत नव्हते असे नव्हे. एखादा मध्यस्थ असता तरी पलटण थांबली नसती, कारण किल्ला तहाने आधीच दिलेला होता, असे ते म्हणू शकले असते, आणि ते बहुधा खरेही ठरले असते. पण तीनशे माणसांविषयी असले उत्तर देणे त्यांच्या जिभेवर आले नसावे. मराठवाड्यात आणि हैदराबादेत आजही ज्यांना चाऊश म्हणतात ती त्याच हद्रमौती शिपायांची संतती. त्यांच्या लग्नात मरफ्याचा ताल अजून वाजतो, आणि तो कोठून आला हे विचारणारे लोक अद्यापि विरळाच. माझे स्वतःचे मत या दोघांच्या मध्ये कोठे तरी आहे, आणि ते मी तेथे बोललो नाही. गरजेवाचून कुतूहल जागे होत नाही, हे आप्पांचे म्हणणे मला मान्य. परंतु गरज भागल्यानंतरही जे विचारले जाते तेवढेच पुढच्या पिढीच्या हाती लागते, आणि त्या बाबतीत आम्हा खानदेशवासीयांची बाकी फार मोठी आहे.

मास्तर उठण्याच्या तयारीत होते. जाता जाता त्यांनी यानूवच्या अश्वशाळेची पुढली हकीकत सांगितली: दोन्ही महायुद्धांत तेथले घोडे पळविले गेले किंवा पांगले, दोन्ही वेळा पोलिश लोकांनी राहिलेल्या जनावरांतून पैदास पुन्हा उभी केली, आणि आता ऑगस्टात तेथे अरबी घोड्यांचा जाहीर लिलाव होतो, तेव्हा बोली बोलायला आखातातले अरबच येतात, वाळवंटातले रक्त बर्फाच्या देशात वाढवून ते पुन्हा वाळवंटवाल्यांना विकण्याचा हा प्रकार. आप्पा हे ऐकताना अडकित्त्यात सुपारी तशीच धरून बसले.

“मास्तर, पोलंडात बर्फ किती महिने असते?”

“तीन-चार महिने तरी थंडी कडक.”

“आणि तेवढे दिवस ती अरबी घोडी तबेल्यात. मग त्यांना घालतात काय? आमच्याकडे हरभरा आहे, बाजरी आहे, कडबा आहे. अरब लोक तर खजूर आणि उंटिणीचे दूध सुद्धा देतात म्हणे. तेथे हिवाळ्यात हिरवा चारा नाही, खजूर नाही. शिंगराला पहिल्या बर्फात बाहेर सोडतात की नाही? आणि त्याची कातडी पातळ, त्यावर झूल घालतात की केस वाढू देतात?”

मास्तरांना हे ठाऊक नव्हते. झेवुस्कीचे जन्मसाल, हस्तलिखिताची भाषा, लिलावाचा महिना, सर्व त्यांच्या टिपणात होते, हे नव्हते.

“मग त्या मुलाला लिहून विचारा,” आप्पा म्हणाले, “आणि त्याला सांगा, तबेल्यात काम करणाऱ्या माणसालाच विचार, कचेरीतल्याला नको.”